एकोणीस नंबरचा ठिपका

प्रिय ताई,

फोनवर माझ्या पहिल्या 'हॅलो'लाच तू मला पकडलं असतंस, म्हणून लिहितोय. अक्षराला हसू नकोस. शाळा सातवीत सुटली ती सुटलीच.

काम तसं बरं चाललंय. प्रयोगशाळेतले नळ, पाइप, फ्रीजर सगळं माझ्याच गळ्यात. आमच्या मॅडम तोंडाच्या कॅन्सरवर काम करतात. एकदा मी विचारलं, एवढ्याशा नळीत तुम्हाला दिसतं तरी काय? तर म्हणाल्या, तू नळवाला ना, मग ऐक. शरीरातल्या प्रत्येक पेशीत जनुकं तीच असतात, जसे घरातले नळ. कुठला चालू, कुठला बंद, केवढा सोडलाय, एवढाच फरक. या आजारात वाढीचे नळ धो धो सुटतात आणि 'आता पुरे' म्हणणारे बंद पडतात. बाहेरून भिंत कोरडी, आत पाणी मुरतंय. हे ऐकल्यापासून ताई, मला एका जागी बसवत नाही. जेवतोसुद्धा उभ्यानेच.

आजाऱ्यांशी ताडून बघायला त्यांना निरोगी माणसं हवी होती. गालाच्या आतून मऊ ब्रश फिरवायचा, झालं. माणसं मिळेनात, तर मी पुढे झालो. नको तिथे शहाणपणा! फॉर्मवर विचारलं होतं, तंबाखू खाता का? मॅडम समोरच उभ्या. मी 'कधीच नाही'वर खूण केली. तंबाखू सोडली म्हणून तुझ्या गळ्याची शपथ घेतली होती ना, तितक्याच सराईतपणे. तू बिचारी शेजारपाजारी सांगत फिरलीस, आमचा सुधारला म्हणून. पुडी तेव्हा माझ्या मोज्यात होती.

नळ्यांवर नावं नसतात, नंबर असतात. ते चिकटवले मीच. माझा एकोणीस.

गेल्या सोमवारी मॅडमनी पडद्यावर ठिपके दाखवले. एक ठिपका म्हणजे एक माणूस, आणि ज्यांचे नळ सारखे सुटलेले ते जवळजवळ. निरोगी निळे एकीकडे, आजारी लाल दुसरीकडे. आणि लालांच्या घोळक्यात एकच निळा, चुकून दुसऱ्या वर्गात जाऊन बसलेल्या पोरासारखा. "हा एकोणीस मेला इथे कुठून आला? नळ्यांची अदलाबदल केलीस का रे?" मी नाही म्हटलं. दोन दिवस त्या सगळं पुन्हा तपासत बसल्या आणि मी फ्रीजरचं एकच दार पुसत राहिलो. जीभ सारखी डाव्या गालाकडे जायची. तिथे सहा महिन्यांपासून एक पांढरी, खरखरीत जागा आहे. तिसऱ्या दिवशी मॅडम म्हणाल्या, जाऊ दे, हा नंबरच काढून टाकू. सुटलो असतो गं. कुणाला पत्ताही लागला नसता. पण तोंडातून निघूनच गेलं, "मॅडम, एकोणीस मी आहे."

ओरडल्या नाहीत. बॅटरी आणून तोंडात बघितलं. मग म्हणाल्या, ठिपका म्हणजे आजार नव्हे, पण ही जागा दाखवायलाच हवी. स्वतः मला दवाखान्यात घेऊन गेल्या.

येत्या गुरुवारी डॉक्टर त्या जागेचा तुकडा काढून तपासणार आहेत. कदाचित काही निघणारही नाही. त्यांना मी खरं सांगितलं, अकरा वर्षं, रोज. घरच्या माणसाचा नंबर मागितला तेव्हा हात आपोआप तुझाच लिहून मोकळा झाला. ते तुला फोन करतील आणि माझ्या तंबाखूचं विचारतील. ते तुला परक्याच्या तोंडून कळू नये, एवढ्यासाठीच हे पत्र. हव्या तेवढ्या शिव्या घाल. पण फोन उचल.

तुझाच,
बडबड्या