तिसऱ्या पिंजऱ्यातले मासे

ती. बाबांना धाकटीचा नमस्कार.

मी बरी आहे. आईला सांगा, खोकला गेला. तुमचा गुडघा काय म्हणतोय?

इथे आम्ही समुद्रात जाळ्यांच्या पिंजऱ्यांत मासे वाढवतो, हे तुम्हाला ठाऊकच आहे. दाटी करायची नाही, पाण्यात औषधं ओतायची नाहीत, हा आमच्या मुकादमकाकांचा हट्ट. माशांच्या अंगाला चिकटणाऱ्या उवा खायला त्यांनी दुसरे छोटे मासे सोडले होते. दोन वर्षं छान चाललं.

गेल्या आठवड्यात पाणी तापलं आणि त्यातला प्राणवायू घटला. आम्ही हवेचे पंप लावले, माशांचं खाणं थांबवलं. तरी मंगळवारी सकाळी तिसऱ्या पिंजऱ्यातले सगळे मासे उलटे तरंगत होते. ते उपसायला अख्खा दिवस गेला.

साहेब म्हणाले, "बघितलंत? औषधांची जुनीच पद्धत बरी होती."

"पाणी तापलं, साहेब. यात पद्धतीचा काय दोष?" काका एवढंच म्हणाले. काल त्यांनी काम सोडलं.

उरलेले पाच पिंजरे आता मी बघते. औषध ओतणार नाही असं साहेबांना सांगितलंय. बघू किती दिवस ऐकतात. तुम्ही काळजी करू नका.

बाबा, काकांना काम सोडताना बघून आठवलं, तुम्ही होडी मोडीत दिलीत त्या दिवशी जेवला नव्हतात. मी चिडून ताट उचललं होतं. तेव्हा मी तुमच्याजवळ नुसतं बसायला हवं होतं.

तुमची,
धाकटी