पाय घसरून मयत

२ जानेवारी १९६१, अकोला
आजपासून रोजनिशी. फौजदारसाहेब म्हणाले, लिहिल्याने डोकं थंड राहतं. निश्चय तीन. सकाळी शंभर बैठका. तंबाखू बंद. सुभद्रावर हात टाकायचा नाही. तिसरा सगळ्यात सोपा, कारण मी मुळात मारकुटा नाही. पोलीस लाइनीत कोणालाही विचारा.

५ जानेवारी
बैठका अकरा. तंबाखू चालू. वरणात मीठ नव्हतं. बोललो तर सुभद्रा म्हणाली, तुमीच सांगा न किती टाकू. बायकोने असं बोलावं? कमरेचा बेल्ट काढावा लागला. हात टाकला नाही, त्यामुळे निश्चय कायम.

११ जानेवारी
बार्शीटाकळीची एक बाई नवऱ्याची तक्रार घेऊन ठाण्यात आली. नवऱ्याला तासभर समजावलं की बाई घरची लक्ष्मी असते. तो रडला. फौजदारसाहेब म्हणाले, पंजाबराव, तुमाले बोलता येते. घरी येऊन सांगितलं. सुभद्रा हसली. काहून हसली, विचारलं. सांगेना. पुढे जे झालं त्याला ती जबाबदार. पोरगी मैना मध्ये पडली, तिला थोडं लागलं. नऊ वर्षांची आहे, समज यायला हवी.

१९ जानेवारी
शेजारच्या खोलीतला शिपाई चंद्रभान. त्याची बायको कौशल्या आज दुपारी लाइनीच्या विहिरीत सापडली. पंचनामा माझ्याकडे. चंद्रभान म्हणाला, जमादार, तुमी तरी समजून घ्या. घेतलं. ‘पाणी काढताना पाय घसरून मयत.’ गळ्यावर बोटांचे वळ होते. ते लिहिले नाहीत. डॉक्टरकडे पाठवायची गरज नाही, असा शेरा मारला. अक्षर छान आलं.

२० जानेवारी
सुभद्रा म्हणते, परवा रात्री तुमी ड्युटीवर होते तेव्हा भिंतीतून सगळं ऐकू आलं. कौशल्या ओरडली, मले सोडा. मग एकदम गप. मग चंद्रभानने तिला खांद्यावर टाकून विहिरीकडे नेलं, ते हिने दाराच्या फटीतून पाहिलं. मी म्हटलं, तू झोपली होतीस. ती म्हणाली, जागी होती. असं चार वेळा झालं. चौथ्यांदा बेल्ट. याला मारणं म्हणत नाहीत, साक्षीदाराला समज देणं म्हणतात.

२६ जानेवारी
परेड उत्तम. चंद्रभान मागच्या रांगेत, पाय बरोबर पडत होते. जेवताना सुभद्राने शांतपणे विचारलं, माह्या पंचनाम्यात काय लिहान? दोन पोळ्या कमी खाल्ल्या.

३ फेब्रुवारी
मी ड्युटीवर असताना सुभद्रा मैनाला घेऊन तिवश्याला भावाकडे निघून गेली. बरं झालं, जरा शांतता. दोन दिवसांत येईल. भाकरी थापून पाहिली. तव्यावर जाईपर्यंत तीन तुकडे.

१२ फेब्रुवारी
आली नाही. युनिफॉर्म घालून तिवश्याला गेलो, म्हणजे तिचा भाऊ देवराव वचकेल. तो दारातच आडवा. म्हणाला, भाऊजी, आत या, पण बेल्ट ओट्यावर काढून ठेवा. सरकारी बेल्ट कोणाच्याही ओट्यावर ठेवायचा नसतो. परत आलो. खिडकीत मैना दिसली. हाक मारली तर पळाली. डोळ्यांवर ऊन होतं, ओळखलं नसेल.

२१ फेब्रुवारी
फौजदारसाहेबांनी बोलावलं. वाटलं, शाबासकी. तर सुभद्राने अमरावतीला मोठ्या साहेबांसमोर जबाब दिला आहे. तीन पानी. खाली सही. तिला सही येते हे मला नऊ-दहा वर्षांत कळलं नव्हतं. फौजदारसाहेबांनी विचारलं, गळ्यावरचे वळ दिसले नाहीत? म्हटलं, उजेड कमी होता. साहेब म्हणाले, दुपारी दोनला?

२४ फेब्रुवारी
चंद्रभानला अटक. मी सस्पेंड. गैरसमज आहे, आठवड्यात मिटेल.

६ जुलै
मिटला नाही. आज कोर्टात सुभद्राची साक्ष. चंद्रभानचा वकील हुशार. म्हणाला, बाई, नवऱ्याशी पटत नाही म्हणून त्याला अडकवायला हे रचलं. मी मनात वाहवा केली. सुभद्रा म्हणाली, पटत नाही हे खरं हाय. कौशल्याले मारून टाकलं हे बी खरं हाय. पाठीवरचे वळ दाखवू का, असंही तिने विचारलं. जज्जसाहेब म्हणाले, नको. माझ्याकडे कोणी पाहिलं नाही. सगळे मुद्दाम दुसरीकडे पाहत होते.

१४ जुलै
चंद्रभानला जन्मठेप. खोट्या पंचनाम्याची माझी केस वेगळी लागणार. ठरवलं, मन मोठं करायचं. कोर्टाच्या आवारात लिंबाखाली थांबलो. सुभद्रा बाहेर आली. कौशल्याची आई सुंदराबाई तिचा हात धरून रडत होती. मी पुढे झालो. म्हटलं, सुभद्रा, तुले माफ केलं. चाल घरी.
तिने मान खाली घातली नाही. नुसती पाहत राहिली.
दारावरचा शिपाई आला. नवीन भरतीचा, मला ओळखत नव्हता. म्हणाला, बाजूले व्हा, बायांले जाऊ द्या.
म्हटलं, मी जमादार आहे.
तो म्हणाला, असान. बाजूले व्हा.
झालो.