एक पत्ता कमी

२ नोव्हेंबर, सोमवार

पोहोचलो एकदाचा! वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी नवी नोकरी, नवी खोली आणि ही नवी कोरी वही. शाळेच्या पहिल्या दिवशी दप्तराला यायचा तसा वास हिला येतो आहे. खोली वरच्या मजल्यावर. पलंग, खिडकीशी टेबल, टेबलाला एकच खण. खिडकीतून फाटकापर्यंत उतरत गेलेली फरसबंद वाट दिसते. फाटकापाशी दोन उंच झाडं, वर्गाबाहेर उभं केलेल्या पोरांसारखी अंग चोरून उभी आहेत. उगीचच हसू आलं.

घर निवृत्त न्यायाधीशांचं. त्यांचं पत्र आलं तेव्हा मुलगी म्हणाली होती, बाबा, आता कसले पत्ते कुटताय, माझ्याकडे राहायला या. पण पत्रात लिहिलं होतं की आम्हा तिघांना चौथा भिडू हवा आहे, तो शिकलेला असावा आणि त्याची स्मरणशक्ती उत्तम असावी. ती ओळ मी तीनदा वाचली. आमचे क्लब केव्हाच बंद पडले. माझी स्मरणशक्ती कुणाला हवी आहे, असं ऐकून किती वर्षं लोटली! तिला म्हटलं, हा एक मोसम खेळू दे, मग तू म्हणशील तिथे पथारी टाकतो.

३ नोव्हेंबर, मंगळवार

पहिला डाव. दुपारी तीन ते पाच, खालच्या दिवाणखान्यात, लोखंडी शेगडीशेजारी. एका बाजूला न्यायाधीश आणि एक डॉक्टरीणबाई. बाईंनी नाडी पाहणं सोडलं आहे, माणसं पाहणं सोडलेलं नाही. दुसऱ्या बाजूला मी आणि माझा भिडू. हा अतिशय सभ्य गृहस्थ 'पास' याखेरीज अवाक्षर काढत नाही. मी मनातल्या मनात त्याचं नाव मौनीबाबा ठेवलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, यांना एके काळी पाच भाषा येत होत्या, आता एका शब्दात भागवतात, केवढी काटकसर! सगळे हसले. मौनीबाबाही हसले, जरा उशिरा.

या घरचा रिवाज मजेदार आहे. ज्याने दिवसभरात सर्वांत जास्त हात केले, त्याचा मान. त्याने गड्डीतला आपल्या पसंतीचा एक पत्ता शेगडीत टाकायचा. दुसऱ्या दिवशी उरलेल्या पत्त्यांवर खेळ. चौघांत सारखे वाटून जे उरतील ते उपडे बाजूला ठेवायचे, त्यांना हे लोक 'पाहुणे' म्हणतात. गड्डी संपली की मोसम संपला. म्हणजे रोज गणित नवं! शक्यतेच्या गणितात डॉक्टरेट केलेल्या माणसाला आणखी काय हवं?

मान माझाच झाला. किलवर दुर्री टाकली. सगळ्यांत कुचकामी पत्ता, कुठलाही खेळाडू तोच टाकेल.

८ नोव्हेंबर, रविवार

रविवारी खेळ नसतो. सकाळी मुलीचा फोन आला. जेवता का, गरम कपडे घालता का, ही नेहमीची उलटतपासणी. मी तिला तिच्या हनुवटीवरून चिडवलं. सात वर्षांची असताना झोपाळ्यावरून पडली होती. हनुवटीला तीन टाके पडले, आणि रडत होतो मी. तीच मला म्हणत होती, बाबा, रडू नका, मला दुखत नाहीये.

काल चहाच्या वेळी सर्वांनी फारच आग्रह केला म्हणून माझी पद्धत सांगून टाकली. चाळीस वर्षं प्रतिस्पर्ध्यांपासून लपवली होती, पण आता प्रतिस्पर्धी उरलेत कुठे? आमच्या मराठीच्या गुरुजींनी छत्तीस ओळींची एक कविता रचली होती. ती कधी छापली नाही, फक्त आमच्या वर्गाला पाठ होती. 'पाटीवरती ऊन सांडले, पुसू नका ते कुणी गडे' ही पहिली ओळ. गुरुजी डोळे मिटून ती म्हणायचे आणि खडूची भुकटी त्यांच्या काळ्या कोटावर चांदण्यासारखी पडलेली असायची. दुर्रीपासून दश्शीपर्यंत छत्तीस पत्ते, त्यांना मी या छत्तीस ओळी बांधल्या. पहिल्या ओळीला किलवर दुर्री. मग उरली चित्रं आणि एक्के, त्यांना माझी माणसं नि घरं. बदाम राणी म्हणजे माझी बायको. तिला जाऊन नऊ वर्षं झाली. ती जिना चढताना पायऱ्या गुणगुणत मोजायची, आणि दर वेळी एक चुकायची. बदाम एक्का म्हणजे मुलगी. आणि चौकट राजा मी स्वतः. एवढा गर्व माफ असावा.

पत्ता पडला की ओळ उठते, ओळ उठली की पत्ता विसरता येत नाही. वडील म्हणाले होते, डॉक्टर झालास तो पत्त्यांची नाडी बघायला का रे? पण त्याच पद्धतीवर मी घर चालवलं, आणि चाळीस वर्षांत एकदाही बाहीत पत्ता लपवला नाही. टेबलाखाली कुणाचा पडलेला पत्ता सापडला तरी आधी परत करायचो, मग बसायचो.

मौनीबाबा सबंध वेळ माझ्याकडे बघत होते. न्यायाधीशांनी मात्र सगळं पुन्हा एकदा विचारून घेतलं, साक्ष नोंदवावी तसं.

१४ नोव्हेंबर, शनिवार

रोज मीच जिंकतो आहे. अकरा पत्ते गेले, सगळे हलकेसलके. वाट ओली आहे, झाडांची पानं गळू लागली आहेत. आज फिरताना शाळेतलं काहीतरी म्हणावंसं वाटलं. सुरुवात जिभेवर येईना. मधल्या ओळी आल्या, शेवटच्या आल्या. वय झालं, दुसरं काय!

२१ नोव्हेंबर, शनिवार

आज चहाला न्यायाधीश रंगात होते. त्यांनी आपल्या लहानपणची आठवण सांगितली. त्यांचे एक मराठीचे शिक्षक होते म्हणे, काळ्या कोटावर खडूची भुकटी घेऊन वर्गात उभे राहायचे आणि डोळे मिटून स्वतःची कविता म्हणायचे. न्यायाधीशांनी एक ओळ म्हणूनही दाखवली, 'पाटीवरती ऊन सांडले, पुसू नका ते कुणी गडे'. काय गोड ओळ! माझ्या डोळ्यांत पाणी आलं. किती भाग्यवान असतात काही माणसं. आम्हाला कुणी असा शिक्षक लाभला नाही.

सतरावा पत्ता टाकला, किलवर छक्की.

२२ नोव्हेंबर, रविवार

घाईत लिहितो आहे. अक्षराकडे लक्ष देऊ नये.

मुलगी फोनवर म्हणाली, बाबा, आज गुरुजींची कविता म्हणा ना, लहानपणी झोपवताना म्हणायचात ती. मी विचारलं, कोण गुरुजी? ती हसली. मग हसायची थांबली. तिचा आवाज एकदम तिच्या आईसारखा झाला. म्हणाली, बाबा, तुम्ही बरे आहात ना?

मग न्यायाधीशांची ती गोड ओळ कालच्या पानावर नीट उतरली आहे का, ते पाहायला वही उघडली. चाळता चाळता ८ तारखेचं पान लागलं. तिथे तीच ओळ आहे. गुरुजी, खडू, काळा कोट, सगळं आहे. माझ्याच अक्षरात.

पुन्हा पुन्हा वाचलं. दुसऱ्याच्या गावाला गेल्यासारखं वाटतं. ओळख पटत नाही.

टाकलेल्या पत्त्यांची यादी केली. सगळ्या दुर्ऱ्या, तिर्ऱ्या, चौक्या, पंज्या, एक छक्की. सतरा पत्ते, सतरा ओळी; मी पद्धत सांगेपर्यंत ते नुसते पत्ते होते. आणि त्यांतला एकूण एक मी माझ्या हाताने टाकला. मान म्हणून.

२३ नोव्हेंबर, सोमवार

न्यायाधीशांना सरळ सांगितलं, मी खेळ सोडतो. ते रागावले नाहीत. म्हणाले, खुशाल जा, गड्डी इथेच राहील, आम्ही तिघं खेळूच, जाळूच, तुम्ही कुठे राहता याने पत्त्यांना काय फरक पडतो? मग अगदी मायेने म्हणाले, प्रोफेसर, आम्हीही असेच आलो होतो. कुणाची तरी गड्डी संपत होती, म्हणून. आमचं सगळं गेलं. माणसाला आठवायला काहीतरी लागतंच ना हो?

गड्डी त्यांच्या कपाटात असते. किल्ली गळ्यात.

वाटलं, हरून पाहू. मी जाळलं नाही तर कदाचित काही जाणार नाही. मुद्दाम हरलो. मान डॉक्टरीणबाईंचा झाला. त्यांनी क्षणभरही विचार केला नाही. बदाम राणी उचलली आणि

२४ नोव्हेंबर, मंगळवार

माझ्या पाकिटात एका बाईंचा फोटो आहे. चेहरा प्रेमळ. ८ तारखेचं पान सांगतं की ही माझी बायको असणार. पान सांगतं म्हणून मानायचं.

सकाळी डॉक्टरीणबाई जिना चढताना काहीतरी गुणगुणत पायऱ्या मोजत होत्या. एक चुकल्या. मी दाराआड उभा राहून रडलो. कशासाठी, ते मात्र कळलं नाही.

हरायचं नाही. हरलो तर ते निवडतात. जिंकलो तरी काहीतरी जाणारच, पण निदान काय ते मी ठरवेन. आज जिंकलो. चौकट छक्की.

२५ नोव्हेंबर, बुधवार

मी आज लबाडी केली.

पिसताना बदाम एक्का बाहीत सरकवला. चाळीस वर्षांत पहिल्यांदा. बोटं अशी गार पडली जणू माझी नव्हतीच. तो आता या पानांत आहे. बाकीचं सगळं घ्या म्हणावं. झोपाळा, तीन टाके, बाबा रडू नका, एवढं मी नेणार.

जिंकलो. बदाम छक्की. मग न्यायाधीशांनी पत्ते मोजले. पुन्हा मोजले. एक पत्ता कमी आहे, म्हणाले, आणि माझ्याकडे न बघता हसले. या घरात हरवलेला पत्ता आपल्या पायांनी परत येतो, असंही म्हणाले. मौनीबाबांनी टेबलाखालून माझा हात घट्ट धरला. काही सांगायचं होतं बिचाऱ्याला. पण म्हणाला, पास.

मुलीला फोन केला. रविवारी ये, मला घेऊन जा, काही विचारू नको. ती म्हणाली, आत्ता निघते. म्हटलं, नको, आधी मला तीन दिवस खेळायचं आहे. खेळलो नाही तर तिघं जाळतील, आणि चौकट राजा म्हणजे मी हे त्यांना माहीत आहे; या तीन दिवसांत तोही बाहीत घालायला जमलं तर पाहतो. सगळं मीच सांगितलं आहे. चहा पिता पिता, फुशारकीने.

२७ नोव्हेंबर, शुक्रवार

काल जिंकलो. आज जिंकलो, एकाच हाताच्या फरकाने. सत्त्या चालू आहेत. पत्ता पडतो, ओळ उठत नाही – बोटांवर मोजतो, बोटंही चुकतात –

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, प्रोफेसर, घाम कसला एवढा, शेगडी तर विझत आली.

राजा अजून हाती लागला नाही; उद्याचा एकच दिवस.

२८ नोव्हेंबर, शनिवार

हरलो. इस्पिक सत्ती पडून गेली की कुणाच्या हातात आहे तेच आठवेना – एका हाताने –

न्यायाधीशांनी चौकट राजा उचलला आहे. हातात धरून बसलेत. म्हणाले, जा, वर जाऊन काय लिहायचं ते लिहून या, घाई नाही. शेगडीत लाकडं घालताहेत – आवाज वर येतो –

वाचणाऱ्या, तू मीच आहेस. उद्या मुलगी येईल. तिच्यासोबत जा. या वहीतला पत्ता कुणाला देऊ नको. न्यायाधीशांना देऊ नको. कुणी काहीही म्हणो. ती तुझी मुल

रविवार असावा

छान खोली आहे. खिडकीतून फरसबंद वाट दिसते, फाटकापाशी दोन उंच झाडं. टेबलाच्या खणात ही वही सापडली. कुणीतरी विसरून गेलं असावं. दुसऱ्याची रोजनिशी वाचू नये, म्हणून वाचली नाही. शेवटच्या पानावर डोळा गेला तेवढाच. गृहस्थ घाबरलेला दिसतो.

आत पत्ता निघाला. बदाम एक्का. कुणाच्या तरी गड्डीतून लपवलेला. वाईट वाटलं. खेळाडूने असं करू नये. का करू नये ते सांगता येत नाही, पण ते हाडात बसलं आहे.

खाली आलो. शेगडीशी तिघंजण बसलेत. त्यांतले एक म्हणाले, आमचा एक पत्ता कमी आहे हो. दुसऱ्या कुणाची चीज ठेवून घेणारा मी नव्हे. मालक परत येईल, वही उघडेल, म्हणून ही चिठ्ठी त्याच्याच वहीत लिहितो: महाशय, आपला पत्ता ज्यांचा त्यांना परत करत आहे. काळजी नसावी.

दारात एक बाई आल्या आहेत. हातात पिशवी, धाप लागलेली. मला बाबा म्हणतात. कुणाला तरी शोधत असतील. त्यांच्या हनुवटीवर जुन्या टाक्यांची खूण आहे. गंमत म्हणजे मला अशाच एका मुलीची गोष्ट ठाऊक आहे, झोपाळ्यावरून पडली होती, आणि रडणाऱ्या कुणाला तरी तीच समजावत होती. कुणाची मुलगी ते आठवत नाही. या बाईंना सांगायला हवी. आधी पत्ता देतो, मग सांगतो.

दिला. शेगडीचं दार उघडलं. बाई ओरडतात कशाला? तर त्या मुलीची गोष्ट – ती पडली – कशावरून बरं –