बिनडोळ्यांची पलटण

प्रिय सेकंदकाट्या,

(हे नाव तुझ्या बहिणीनं ठेवलेलं, लहानपणी तू म्हणे एका जागी टिकायचा नाहीस. आता पन्नाशी उलटली तरी ते मी बदलणार नाही, तो अधिकार तिचा होता.) नमस्कार करावा तर तू वयानं लहान, आशीर्वाद द्यावा तर केस माझ्याआधी पिकलेले, तेव्हा दोन्हींच्या मधलं काही असेल ते पोचलं समज. कंबर कशी आहे? दुकानात घड्याळांवर वाकून बसताना पाठीशी उशी घेतोस ना? बायकोचा खोकला थांबला का? इकडे सर्व ठीक. जेवतो, झोपतो, शिपाई रंगवतो.

माझा हा उद्योग तुला ठाऊक आहेच. करंगळीच्या पेराएवढे धातूचे शिपाई, कुठल्याशा जुन्या लढाईतले. ते रंगवायचे, टेबलावर हिरवं कापड अंथरून मांडायचे, फासे टाकायचे आणि पट्टीनं मोजून पुढे सरकवायचे. निळं सैन्य माझं, लाल सैन्य आमच्या दातांच्या डॉक्टरांचं. तुझ्या बहिणीला याचं काडीचं कौतुक नव्हतं. (घरात एवढी फौज, पण भाजी आणायला एक जण उठेल तर शपथ, हे तिचं नेहमीचं.) तुला माहीत नाही ते सांगतो. या सगळ्यांचे डोळे ती काढायची. (वाक्य भयंकर झालंय खरं, पण खोडत नाही.) झालं असं, की एकदा मी माझा कप्तान मोठ्या अभिमानानं तिच्यापुढे धरला. ती माहेरच्या सवयीनं कुणाचंतरी मनगटी घड्याळ दुरुस्तीला उघडून बसली होती. डोळ्याचं भिंग न काढताच तिनं त्याला न्याहाळलं आणि विचारलं, ‘‘हा लढायला निघालाय की शिंक आवरतोय?’’ मग माझ्या हातातला ब्रश घेतला, श्वास रोखला आणि दोन ठिपके दिले. कप्तान जागा झाला. तेव्हापासून कोट, पट्टे, गुंड्या, बूट माझ्याकडे आणि डोळे तिच्याकडे. लोक माझ्या सैन्याची तारीफ करायचे, मी मान डोलवायचो, आणि ती आतून भांडी जरा जोरात आपटायची.

ती गेली तेव्हा एक आख्खी पलटण डोळ्यांसाठी थांबलेली होती. मी म्हटलं, आपणच करू, त्यात काय मोठं. पहिल्याचे दोन्ही डोळे नाकाशी गप्पा मारायला आले. दुसऱ्याला कुणी नुकतंच वाईट वर्तमान सांगितल्यासारखं दिसायला लागलं. तिसऱ्याच्या डोळ्यातला पांढरा रंग ओघळून मिशीवर आला आणि तो तरुण शिपाई बसल्या जागी म्हातारा झाला. त्या गडबडीत मी चहा समजून ब्रश धुतलेलं पाणी प्यायलो. (निळं होतं. चव विशेष वाईट नाही.) मग सगळं पुसून नव्यानं सुरुवात करावी म्हणून त्यांना बाल्कनीत मांडलं आणि रंगाआधीच्या राखाडी अस्तराचा फवारा मारला, तर वारा नेमका उलटा फिरला आणि खालच्या मजल्यावरच्या निवृत्त नर्सबाईंची वाळत घातलेली पांढरी चादर आभाळासारखी झाली. बाई तावातावानं वर आल्या. दार उघडंच होतं. स्वयंपाकघरात ताटाळ्यात ताटांच्या जागी शिपाई वाळत उभे, आणि ताट एकच, तेही खरकटं. बाईंनी काय बोलायचं ठरवलं होतं कोण जाणे. तशाच खाली गेल्या आणि जेवणाचा डबा घेऊन परत आल्या. मला शिव्या चालल्या असत्या रे.

पुढे डॉक्टरांनी लढाईचा हट्टच धरला. रविवारी दवाखाना बंद असतो, तेव्हा पेशंट बसायच्या खोलीत टेबलं जोडून आम्ही मैदान मांडतो. मी ती पलटण तशीच, बिनडोळ्यांची, टेकडीखाली उभी केली. नियमांत डोळ्यांबद्दल अक्षर नाही. डॉक्टरांचं घोडदळ समोर, मध्ये ना झाड ना कुंपण; एका फाशात माझा निकाल लागला असता. हा माणूस लढाईत दयामाया जाणत नाही, दवाखान्यातही फारशी नाही. त्यांनी चष्मा पुसला, वाकून पाहिलं आणि म्हणाले, यांचे डोळे राहिलेत. मी म्हटलं, राहिलेत, ते ती काढायची. त्यावर त्यांनी सगळं घोडदळ वळवून माझ्या रिकाम्या पुलाकडे नेलं, जिथे जिंकण्यासारखं काहीच नव्हतं. मला संताप आला. म्हटलं, मला दया नकोय, हल्ला करा. त्यांनी पट्टी खाली ठेवली.

‘‘माझ्याच्यानं होत नाही हो,’’ एवढंच म्हणाले.

आम्ही कापडाची घडी घातली. डॉक्टर म्हणाले, माझ्याकडे बारीक हत्यारं आहेत, हातही बरा आहे, मी काढून देतो डोळे. मी नाही म्हटलं, आणि जरा तुसडेपणानंच म्हटलं. घरी आल्यावर पलटण तिच्या टेबलावर परत मांडली, तेव्हा ‘नाही’ का म्हटलं ते कळलं. डोळे काढून झाले की तिचं कुठलंच काम शिल्लक राहणार नाही. आत्ता कसं, निदान ते थांबलेले आहेत. त्यांच्याबरोबर थांबायला मला बरं वाटतं.

कळावे, पण फार मनावर घेऊ नये.

तुझा भाऊजी

ता. क. तुझा हात माझ्याहून स्थिर, असं ती नेहमी म्हणायची. शिपाई कापसात गुंडाळून पाठवले तर डोळे काढशील का? घाई नाही.

ता. ता. क. खोका बांधला होता, परत सोडला. डोळ्यांचं राहू दे. तूच ये. रंगवायला नको, समजूत घालायला नको. नुसता दोन दिवस घरात फिर, काहीतरी पाड, आरडाओरडा कर. आणि येण्याआधी फोन करू नकोस. फोनवर मी ‘सगळं छान चाललंय, कशाला उगीच त्रास घेतोस’ असं म्हणतो, आणि तू दर वेळी ते खरं मानतोस.