ऐनाच्या पिशव्या

आई,

भांडुपच्या खोलीतल्या ओट्याखाली दुधाच्या रिकाम्या पिशव्या तू धुऊन, वाळवून, घडी घालून ठेवायचीस. बाबांची गिरणी संपात बंद पडून दोन वर्षं झाली होती, मी बॉटनी घेऊन नुकतीच बी.एस्सी. झाले होते, आणि तुझ्या डोक्यात मात्र गावचं भरड होतं, घरांच्या वरच्या अंगाची ती उतारावरची जमीन. भाताच्या तरव्याची, म्हणजे रोपं करायची, जागा भाजायला तिथल्या ऐन-किंजळीच्या झाडांचा पाला वर्षानुवर्षं तोडला गेला. झाडं गेली, मागोमाग पावसाने माती नेली. गावातली काकी आणि वाडीतल्या बायका तिथे पुन्हा झाडं लावणार होत्या, आणि रोपं करून द्यायचा शब्द तू दिला होतास. स्टोव्हच्या पिनेने तू पिशवीला भोकं पाडतेस, तबेल्यातलं शेण मातीत कालवतेस, ऐनाचं बी खोचतेस. गॅलरीत पाय ठेवायला जागा नाही. शेजारीण विचारते, "काय हो, जंगलखात्यात लागलात वाटतं?" तू म्हणतेस, "होय तर. पगार पाल्यात देतत."

वर्ष झालं तरी ऐन बोटभरच. मला त्याचा राग यायचा. नापीक जमिनीवर ऑस्ट्रेलियन बाभूळ झपाट्याने वाढते, असं आम्हाला कॉलेजात शिकवलं होतं. तिचं बी मी मिळवलं आणि उकळत्या पाण्यात भिजत घातलं. तू वाकून पाहिलंस. "ह्येचो पालो गुरां खातली काय गो?" मला ठाऊक नव्हतं. तसं सांगायचं सोडून मी म्हणाले, "आई, बॉटनी तू शिकलीस की मी?" तू पदराला हात पुसलेस. दुसऱ्या दिवशी मी एकेक पिशवी घेऊन ऐन उपटला आणि त्याच मातीत माझं बी पेरलं. तू अडवलं नाहीस. उपटलेली रोपं तेवढी ओल्या फडक्यात गुंडाळून दोन दिवस मोरीत ठेवलीस. जूनच्या तोंडावर आंब्याच्या रिकाम्या पेट्यांत माझी बाभूळ भरून बाबा एसटीने गावी गेले.

ती वाढली, हे खरं. भरड हिरवं दिसू लागलं. चौथ्या वर्षी गणपतीला गेलो तेव्हा मी वर जाऊन पाहिलं. झाडांखाली गवताची काडी नव्हती. गळलेला पाला चामड्यासारखा पडून होता, कुजतही नव्हता. जळण मिळालं, तेवढंच. संध्याकाळी बायका जमलेल्या असताना काकी तुला म्हणाली, "वयनी, ह्या कसला झाड हाडलंस? गुरां तोंड लावनत नाय. तरव्याक पालो खयसून हाडूचो?" मी तिथेच नारळ खवत बसले होते. माझा हात थांबला. तू म्हणालीस, "चुकला माजा." माझा हात पुन्हा चालू लागला.

परतताना मी तुझ्यावरच चिडले. कशाला अंगावर घेतलंस? तू म्हणालीस, "तू शिकलेला चेडू. तुजा म्हणणा लोकांनी फुडे ऐकूक होया. माजा काय?" त्यानंतर गावातून तुझ्याकडे कुणी रोप मागितलं नाही. तू पिशव्या धुऊन घड्या घालत राहिलीस. तू गेलीस तेव्हा ओट्याखाली तो गठ्ठा होता.

शाळेतून निवृत्त झाल्यापासून मी दरवर्षी गावी जाते. वाडीतल्या बायका बाभळीची एकेक रांग तोडतात, आम्ही तिथे ऐन, किंजळ, काजू लावतो. पाला गुरं खातात का, हे आता मी आधी विचारते. यंदा पहिला ऐन माझ्या खांद्याला लागला. काकी काठी टेकत वर आली, पान चुरगळून हुंगलं आणि सगळ्यांदेखत म्हणाली, "तुज्या आवशीन एकदाच चूक केल्यान, बाय. तू ती निस्तारलंस."

खोटं बोलणाऱ्या मुलींना तीस वर्षं मी वर्गाबाहेर उभं केलं. त्या दिवशी मी होकाराची मान हलवली.

हे पत्र खरं तर काकीला जायला हवं. तिचा पत्ता मला पाठ आहे. तुझा नाही, म्हणून तुला लिहिलं.