एक मीटरवरून

२७ एप्रिल, सोमवार
बीपी १७०/१००. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, राग फार येतो का हो? मी म्हटलं, मला? छे! शेजारच्या खुर्चीत बसलेली अरुणा उगाचच खोकली. बायकोला नवऱ्याबद्दल जरा अभिमान नसतो.
बाईंनी गोळी दिली, वर उपाय दिला. रोज एक आवडता आवाज ऐकायचा आणि ऐकून काय वाटलं ते वहीत लिहायचं. मन शांत होतं म्हणे.
योग्य माणसाला सांगितलं बाईंनी. आवाज हा आपला विषय. सत्तावीस वर्षं महापेच्या फॅक्टरीत टेस्टिंग इन्स्पेक्टर. मिक्सर, कुकर, इस्त्री, जो नग बनेल तो आधी माझ्या टेबलावर. मी एक मीटरवरून लादीवर टाकायचो आणि डोळे मिटून सांगायचो, पास की फेल. खणखणीत वाजला तर माल चांगला. बद्द वाजला तर आत कुठेतरी तडा. एकदाही चुकलो नाही. रिटायर होताना कंपनीने क्रिस्टलचं स्मृतिचिन्ह दिलंय, अस्सल. शोकेसमध्ये मधोमध ठेवलंय. आल्यागेल्याला दाखवतो. हल्ली कोणी येत नाही, ती गोष्ट वेगळी.
आवडता आवाज: मिक्सरचं काचेचं भांडं, एक मीटर. तीन महिने झाले, ऐकला नाही. आठवूनच बरं वाटलं.
संकल्प: रोज लिहिणे. शांत राहणे (आहेच).

२८ एप्रिल, सकाळी ९.१०
आवाज: काचेचा ग्लास. आपोआप पडला. म्हणजे मी ओट्याच्या कडेला ठेवला आणि कोपर लागलं. खळ्ळ! आधी मोठे तुकडे, मग बारीक, आणि शेवटचा एक घरंगळत फ्रिजखाली जाऊन थांबतो. आहाहा. छातीवरचा दगड उतरला.
तेवढ्यात आतून अरुणा ओरडली, काय फोडलंत? झालं. मूड गेला. लॅबमध्ये असं कोणी ओरडायचं नाही. नग पडला, रजिस्टरमध्ये नोंद, पुढचा नग.
काच तिनेच झाडली. मला हात लावू देत नाही. तुम्ही पाय वर घेऊन बसा, लागेल, म्हणते.

३० एप्रिल
सहा कपांचा सेट. तीन फेल, तीन पास. बाजारात काय माल विकतात हल्ली!
दर वेळेला तेच, काय फोडलंत, काय फोडलंत. तिसऱ्या कपानंतर अरुणा दारात उभी राहून शांतपणे म्हणाली, अबोली पुण्याला कधीची बोलावतेय. आता या घरात एक जरी वस्तू फुटली ना, तर मी बॅग भरणार आणि लेकीकडे जाऊन राहणार. परत यायचं नाव काढणार नाही.
उन्हाळ्यात बायका असं बोलतात. उकडतं ना.

२ मे, शनिवार
लोणच्याचा दिवस. अरुणाने माळ्यावरून बरणी काढली. चिनी मातीची, वर तपकिरी, खाली पांढरी. आमचं लग्न झालं तेव्हा हिच्या आईने राजापूरहून एसटीत मांडीवर धरून आणली, कोपरखैरण्याच्या आमच्या पहिल्या खोलीपर्यंत. बारा तास मांडीवर. पाय सुजले होते बिचारीचे. आता सासूबाई नाहीत, बरणी आहे. दर मेमध्ये हिचं कैरीचं लोणचं त्याच बरणीत.
धुऊन उन्हात ठेवली होती. मी नुसतं बोटाच्या पेराने वाजवलं. टण्णन्न... काय नाद! देवळातली घंटा झक मारते. सत्तावीस वर्षांत असा नग हाताखालून गेला नाही. अंगावर काटा आला, खरंच सांगतो.
अरुणाने बरणी उचलून पदराखाली घेतली. म्हणाली, हिला हात लावलात तर याद राखा. हात कुठे लावला? बोट लावलं.
आजचा आवाज: बरणी. दहापैकी दहा.

३ मे, रविवार
वरच्या मजल्यावरचा रणजीत डंबेल टाकतो. बारा किलोचं असावं. पण खाली मॅट घातलीय गाढवाने. धप्. हा काय आवाज आहे? टाकायचं तर नीट टाक!
अजिबात न चिडता जळमटं काढायची काठी घेतली आणि स्लॅबला खालून मारली. चाळीस वेळा. एकेचाळिसाव्या वेळी प्लास्टरचा पोपडा सुटून डोक्यात. तीन टाके.
आवाज: पोपडा कवटीवर. ठक्क! स्वच्छ. कवटी पास.
टाके घालणाऱ्या डॉक्टरने विचारलं, भांडण? अरुणा म्हणाली, हो, छपराशी.

५ मे
सकाळी लिफ्टपाशी रणजीत. नवीन हेल्मेट घालून उभा. म्हणाला, सॉरी काका, डंबेल आता हळू ठेवतो. बघा, नवीन घेतलं, आयएसआय मार्क आहे. मी म्हटलं, मार्क कोणीही छापतो. रबरी हातोडी खिशात असतेच, जुनी सवय. एकच घातली. मध्यम जोर.
ठण्ण! हेल्मेट पास. आतला माणूस मात्र जरा वाकला.
मग त्याने हेल्मेट काढून माझ्या गालफडात दिली. फाट्! मीही कॉलर धरली. दोघे लिफ्टच्या दारावर आदळलो, धडाम्. पत्रा चांगल्या जाडीचा आहे. त्याने माझा कान पिरगळला, मी त्याच्या दंडाला चावलो. वॉचमन दत्तू शिट्टी फुंकत धावला. शिट्टी फेल, आतला मणी गेलाय. दत्तूला तिथल्या तिथे सांगितलं, तर तो म्हणाला, काका, आधी त्यांचा हात तोंडातून काढा.
आवडता आवाज: स्वतःचा गाल. आत एक दात हलतो. तरी शांत आहे. हीच माझी प्रगती.

८ मे
सोसायटीचं पत्र. लेखी माफी मागा, नाहीतर पोलीस. पत्र उभं फाडलं, टर्रर्र. कागद जाड होता, मजा आली. मग आडवं फाडलं. मग खाली ऑफिसात जाऊन सेक्रेटरीच्या टेबलावर प्लॅस्टिकची खुर्ची दोनदा आपटली. पहिल्यांदा नुसती वाकली, दुसऱ्यांदा पाय मोडला. असा माल मेंबरना बसायला? वर सेक्रेटरी मलाच म्हणतो, तुम्ही बसा आधी. कशावर?

९ मे, रात्री जेवून
अरुणा वाटीत नवीन लोणचं घेऊन रणजीतकडे गेली. माफी मागायला! माझ्या वतीने! मला न विचारता!
खाली आल्यावर अबोलीचा फोन आला तो माझ्या हातात दिला. अबोली म्हणाली, बाबा, मी दिवाळीला का येत नाही माहितीये? मला अजून कुकरची शिट्टी झाली तरी दचकायला होतं. वाटतं, आता पुढे काहीतरी फुटणार. मी म्हटलं, पुण्याचे कुकर खराब. वॉशर बदल. ती म्हणाली, आईला द्या.
दोघी बराच वेळ बोलल्या. हळू आवाजात. मला काही ऐकू आलं नाही, आणि तेच मला आवडत नाही.
संकल्प: उद्यापासून एकही वस्तू नाही. फक्त बोटाने वाजवणे. अरुणाला सांगितलं. ती बघत राहिली. विश्वास बसला असावा.

११ मे, सोमवार
दोन दिवस झाले, घरात काही फुटलं नाही. अरुणाने आज भजी केली. जमतंय.
घरच्या मशीनवर बीपी १८५/११०. अशक्य! दोन दिवस इतका शांत असून? मशीनमध्येच फॉल्ट. एक मीटरवरून तपासलं. मशीन फेल.
(हे फुटण्यात धरायचं नाही. ही दुरुस्ती होती.) अरुणा आतून, काय फोडलंत? मी म्हटलं, काही नाही. तुकडे उशीखाली.

१४ मे, गुरुवार
नीट लिहितो. कारण यात माझी चूक नाही.
दुपारी अरुणा पडली होती. मी स्वयंपाकघरात पाणी प्यायला. बरणी ओट्यावर, तोंडाला पांढरा दादरा बांधलेला. म्हटलं, रोजचा एक आवाज घ्यावा. बोटाच्या पेराने वाजवली.
बद्द.
माझा कान! परत वाजवली. बद्द. कुठे तो टण्णन्न आणि कुठे हे. बारा दिवसांत आत तडा गेला म्हणजे. तडा गेला म्हणजे तेल झिरपणार, बुरशी येणार, हिचं वर्षाचं लोणचं नासणार. जे करायचं ते हिच्यासाठीच करायचं होतं. चमचा घेतला. बद्द. कुठून तडा गेलाय ते कळायला हवं, म्हणून हातोडी घेतली. हळूच. बद्द. दुसऱ्या बाजूने. बद्द. खोटं बोलतेस माझ्याशी? सत्तावीस वर्षं माझ्याशी एक मिक्सर खोटं बोलला नाही आणि तू बरणी! वाज ना! वाज म्हणतो ना तुला!
राग नव्हता. फक्त उत्तर हवं होतं.
खाड्!!
मग तेल. लाल. ओट्यावरून, ड्रॉवरवरून, लादीवरून. फोडी सगळीकडे. खरं तर बरणी भरलेली होती, आणि भरलेलं भांडं बद्दच वाजणार. शेंबड्या पोरालाही कळतं. पण लॅबमध्ये आम्ही सगळे नग रिकामे तपासायचो.
मी वाट बघत होतो. पण अरुणा काय फोडलंत म्हणाली नाही. नुसती येऊन दारात उभी राहिली. तेल तिच्या पायापर्यंत आलं तरी हलली नाही. मग खाली बसली, बरणीचा काठाचा एक तुकडा उचलला, पदराने पुसला, पुन्हा पुन्हा पुसला. मी म्हटलं, भरलेली होती म्हणून, नाहीतर... ती उठली. मला वाटलं झाडू आणायला.
हॉलमध्ये गेली. शोकेस उघडली. माझं क्रिस्टलचं स्मृतिचिन्ह दोन्ही हातांत धरून माझ्यासमोर आली. विचारलं, एक मीटर म्हणजे एवढंच ना? मी म्हटलं, जरा वर. तोंडातून गेलं. सवय. तिने जरा वर धरलं. सोडलं.
ठप्प.
फुटलं नाही. तिने उचललं, परत सोडलं. ठप्प. तिसऱ्यांदा भिंतीवर फेकून मारलं. ठप्प करून पडलं आणि सोफ्याखाली गेलं. प्लॅस्टिक. घरातली प्रत्येक वस्तू मी वाजवून पाहिली, हे एक सोडून.
अरुणा म्हणाली, पास.
साडेपाचची बस वाशीहून. बॅग दत्तूने रिक्षापर्यंत नेली. काठाचा तो तुकडा तिने रुमालात बांधून नेला.

१५ मे
दोन दिवसांत येईल. उन्हाळा आहे.
स्वयंपाकघरात जात नाही. मुंग्या.

१७ मे, रविवार
आज घर मोकळं, कोणाची कटकट नाही, मनसोक्त टेस्टिंग. काचेच्या तीन प्लेटा, एक जग, पास झालेल्या कपांपैकी दोन. सगळे स्वच्छ वाजले. पण मजा येत नाही. आवाज अर्धाच येतोय. आधी वाटलं लादीचा दोष, म्हणून हॉलमध्ये टाकला एक, मग गॅलरीत. तेच. खळ्ळ होतं, तुकडे घरंगळतात, शेवटचा थांबतो, आणि त्यापुढे जे यायला पाहिजे ते येत नाही.
कानात मळ असेल. डॉक्टरला दाखवणे.
वरती रणजीतने डंबेल टाकलं, तर बरं वाटलं. घरात कोणीतरी आहे असं.

१८ मे, सोमवार, सकाळी ८.२०
अरुणाला फोन लावला. चौथ्या वेळी उचलला. म्हणाली, बोला. काय बोलायचं ते ठरवलंच नव्हतं. म्हटलं, बीपी नॉर्मल आहे. बरं, म्हणाली. म्हटलं, नवी बरणी आणतो, राजापूरहून आणतो, हवं तर मांडीवर धरून आणतो. तिने फोन ठेवला नाही.
मग मी फोन स्पीकरवर करून लादीवर ठेवला. सहा कपांच्या सेटमधला शेवटचा कप उरला होता. उजव्या हातात धरला. एक मीटर. सोडला.
खळ्ळ! खणखणीत. त्या सेटमधला सगळ्यात सुंदर.
आणि थांबलो. श्वास धरून उभा होतो. आता म्हणेल. आता म्हणेल. एकदा म्हण अरुणा, काय फोडलंत म्हण. चिडून म्हण. शिवी दे. पण विचार.
तिकडे लांब कुकरची शिट्टी झाली. अबोली कशावर तरी हसली. मग फोन कट.
आजचा आवडता आवाज: आला नाही.
खुर्चीवर पाय वर घेऊन बसलोय. खाली सगळीकडे काच. चपला दाराशी. ती झाडू कुठे ठेवते, तेवढं विचारायचं राहिलं.