लोखंडी तळव्यांच्या फेऱ्या

९ एप्रिल १९६४
प्लास्टर काढलं. विहिरीच्या पायरीवरून घसरले त्याला अडीच महिने झाले. उजवी पोटरी शेवग्याच्या शेंगेसारखी. डॉक्टरांनी दोन लोखंडी तळवे दिले, शेर-शेराचे. बुटाखाली धरायचे, वरून चामड्याचे पट्टे आवळायचे. रोज दुपारी चाळीस फेऱ्या. नाही केल्या तर पाय असाच राहील, मग शाळेची दोन मैलांची वाट विसरायची. मास्तरीणबाई घरी बसणार. सगळं खरं, पण बूट कुठून आणू? जन्मात चपलेपलीकडे गेले नाही.

१० एप्रिल
पेटाऱ्यातून ह्यांचे बूट काढले. मंगळूरहून हौसेने आणलेले. गलबतावर बूट कोण घालतो, म्हणून घरी ठेवून गेले. कौलं आणायला गेलेलं ते गलबत आलंच नाही. ना फळी, ना माणूस.
पुढे चिंध्या कोंबल्या, तळवे बांधले. ओटीवर चार फेऱ्यांतच घाम.
सासूबाई आत पडून होत्या. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, सगळा जीव कानांत. हाक मारली, "इलस रे बाबू?"
लेक आला असं वाटलं त्यांना. मी आहे, हे सांगायला हवं होतं. सांगितलं नाही.

१४ एप्रिल
सा.बा. पोटभर जेवल्या. ह्यांच्यासाठी पेज काढून ठेवायला लावली. ठेवली. संध्याकाळी मीच खाल्ली. लाज वाटली, पण टाकवेना.

१९ एप्रिल
भटजी येऊन गेले. समुद्रात हरवलेल्याची बारा वर्षं वाट पाहायची, मग दर्भाचा पुतळा करून अग्नी द्यायचा. २२ मे ला पुरी होतात. तोवर माझं कुंकू.
सा.बा. म्हणाल्या, "माझो झील रोज दुपारी ओट्यार चलता, आणि तुमी पुतळो जाळूक सांगतास?"
भटजींनी माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे. आईने 'गेला' म्हटल्याशिवाय ते पुतळ्याला हात लावणार नाहीत म्हणे.

२६ एप्रिल
टाचेला फोड. आज बांधलेच नाहीत. तरी सा.बा. म्हणाल्या, आज तो जरा लंगडत होता.
बूट पाहून आले. पट्टे काल सोडले तसेच. मागच्या दारी उन्हात बराच वेळ बसले.

५ मे
चाळीस फेऱ्या पुऱ्या. पोटरी भरतेय. आणखी एक, लिहावं की नको... माझी चाल बदललीय. आधी टाच, मग जरासं थांबून पंजा. ह्यांची चाल. मी तर ती विसरूनही गेले होते. भीती वाटते. खरं सांगायचं तर बरंही वाटतं.

१५ मे
डॉक्टर म्हणाले, पाय बरा झाला. तळवे परत करा, दुसरं कोणी वाट बघतंय. जूनला शाळा. आनंद व्हायला हवा. येताना बाजारातून कुंकवाची पुडी घेतली, मोठी. सात दिवसांसाठी एवढी कशाला, कोण जाणे.

१८ मे
तीन दिवस फेऱ्या बंद. सा.बा. जेवत नाहीत. आज भिंतीकडे तोंड करून म्हणाल्या, "आता काय आयकाक येना नाय. गेलो तो. भटाक सांग."
हे कोणीतरी एकदाचं म्हणावं असं बारा वर्षांत कितीदा वाटलं होतं. आज ऐकलं आणि हात कपाळावरच्या कुंकवाकडे गेला. वाट बघून बघून थकले होते, पण मला विधवा व्हायचं नाहीये.
भटजींना निरोप धाडला. तळवे परत करायचे राहिलेत.

२१ मे
उद्या सकाळी पुतळा. दर्भाची जुडी येऊन पडलीय.
दुपारी बूट काढले. तळवे बांधले. पाय बरा झालाय, ओझं जाणवत नाही, भरभर चालत सुटले. तिसऱ्या फेरीला आतून सा.बा.चा आवाज, अगदी शांत.
"हळू चल गो सुमन. तो कधी इतक्या घाईन चलाक नाय."
माझं नाव घेतलं. फेऱ्या मी घालते हे त्यांना कधीपासून ठाऊक होतं, विचारलं नाही. मग मी तळवे बांधलेच नव्हते त्या दुपारी लंगडत कोण होतं, तेही विचारलं नाही.
हळू चालले. आधी टाच, मग पंजा. चाळीस झाल्या, तरी त्या आतून मोजतच होत्या.
हे लिहितेय ते बूट पायात ठेवूनच. भटजी आठला येणार.